तिसऱ्या घंटेआधी एक काडी

गॅदरिंगच्या आदल्या रात्रीची गोष्ट. साडेअकरा वाजले होते, टेक्निकल रिहर्सल चालू होती आणि चहावाला तिसऱ्यांदा येऊन उधारी मागून गेला होता. आमच्या एकांकिकेत एक झोपडी होती. ती आम्ही गोणपाटाची केली होती, कारण गोणपाट स्वस्त पडतं आणि लाईटमध्ये एकदम 'गावाकडचं' दिसतं. नेपथ्य माझ्याकडे होतं. मध्येच विंगेतून कोणीतरी ओरडलं, "कोण रे पापड भाजतंय?" सगळे हसले. मीपण हसले. मग मागे जाऊन बघितलं तर झोपडीमागचा हॅलोजन (पहाटेचा प्रकाश!) स्टँडवरून सरकून गोणपाटाला टेकला होता आणि तिथून धूर येत होता. लाईटवाल्या मुलाने मेन बंद केला, एकाने पाण्याची बाटली ओतली, संपलं. तळहाताएवढं भोक पडलं होतं. त्यावर मी दुसऱ्या दिवशी चॉकलेटी कापडाचं ठिगळ मारलं. प्रयोगानंतर लोक म्हणाले, "ठिगळ लावलेली झोपडी... काय डिटेलिंग आहे!" नेपथ्याचं दुसरं बक्षीसही मिळालं.

बक्षीस घेऊन रूमवर आले आणि त्या रात्री मला अजिबात झोप लागली नाही. भोकामुळे नाही. दारामुळे.

आमच्या हॉलला तीन दारं. मागचं मोठं, डाव्या बाजूचं आणि एक स्टेजमागचं. डाव्या बाजूचं दार उघडलं की बाहेरच्या ट्यूबलाईटचा उजेड सरळ स्टेजवर येतो आणि ब्लॅकआऊटची वाट लागते. म्हणून प्रयोगाआधी मी स्वतः मामांकडे गेले. म्हटलं, "मामा, ते साईडचं दार लॉक करा ना, प्लीज." मामा म्हणाले, "पोरी, आत चारशे जण असणार." मी म्हटलं, "दीड तासाचा तर प्रश्न आहे, मामा." मामांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि ते चहाला गेले. स्टेजमागच्या दारात आमच्या लेव्हल्स, दोन फ्लॅट आणि पुढच्या एकांकिकेचा पलंग. म्हणजे चारशे माणसांना दार एकच. आणि फायर एक्स्टिंग्विशर? होता ना! आमच्याच झोपडीच्या मागे, भिंतीवर, फ्लॅटने पूर्ण झाकलेला.

आदल्या रात्री धूर आला तेव्हा हॉलमध्ये आम्ही वीसजण होतो. तोच हॅलोजन चोवीस तास उशिरा सरकला असता तर? हा 'तर' काही केल्या डोक्यातून जाईना.

मी कॉन्व्हेंटची आहे. (माझ्या ऱ्हस्व-दीर्घावरून ते कळलंच असेल, संपादकांनी सुधारलं नसेल तर.) शाळेत आमच्या सिस्टर वर्षातून दोनदा फायर ड्रिल घ्यायच्या. घंटा झाली की वह्या-दप्तर तिथेच टाकायचं, तोंडावर बोट, दोघीदोघींची रांग, थेट ग्राऊंडवर. कोणी दप्तर घेऊन आली की सगळ्यांना परत वर्गात पाठवून पुन्हा पहिल्यापासून. आम्ही त्याची भरपूर टर उडवायचो. आता इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष चालू आहे आणि तीन वर्षांत एकही ड्रिल झालेलं नाही. ज्वलनाची समीकरणं आम्ही पानंच्या पानं लिहितो, पण हॉलमध्ये खरंच आग लागली तर कुठल्या दाराने पळायचं हे इथे कोणाला माहीत नाही.

मग वाचायला लागले. आणि लक्षात आलं की माझी चूक काही नवीन नव्हती. सव्वाशे वर्षांपूर्वीची जुनी चूक मी नव्याने केली होती.

अमेरिकेतल्या शिकागोमध्ये १९०३ साली 'इरोक्वॉय' नावाचं थिएटर उघडलं. जाहिरातच अशी होती की हे थिएटर आगीपासून संपूर्ण सुरक्षित आहे. उघडून सहा आठवडेही झाले नव्हते. ३० डिसेंबरला दुपारचा शो, नाताळची सुट्टी, हॉल क्षमतेपेक्षा जास्त भरलेला, त्यात बायका आणि मुलंच जास्त. स्टेजवरच्या आर्क लाईटची ठिणगी पडद्याच्या मलमलीला लागली. आग प्रेक्षागृहात येऊ नये म्हणून ऍस्बेस्टॉसचा पडदा होता, तो खाली येताना मध्येच अडकला. धूर वर निघून जावा म्हणून स्टेजच्या छतात झडपा होत्या, त्या उघडल्याच नाहीत. बरीच दारं बंद होती. काही दारं आत उघडणारी होती, त्यामुळे मागून लोटणाऱ्या गर्दीत ती उघडणं शक्यच नव्हतं. ६०२ माणसं गेली.

आता यातली सर्वात बोचणारी गोष्ट सांगते. इमारत उभीच राहिली! पुढच्याच वर्षी तिथे नव्या नावाने पुन्हा नाटकं सुरू झाली. म्हणजे इमारतीबद्दलची जाहिरात तशी खोटी नव्हती. जळलं ते नेपथ्य, आणि माणसं गेली ती दारांमुळे. त्या शोला जायचं ठरवून ऐनवेळी न गेलेला कार्ल प्रिन्झलर नावाचा एक विक्रेता होता. त्याला या घटनेने स्वस्थ बसू दिलं नाही. त्याने पुढे एका आर्किटेक्टच्या मदतीने असं दार बनवलं की बाहेरून कुलूप असलं तरी आतून आडवी दांडी ढकलली की उघडेल. आज मॉलमध्ये आणि मल्टिप्लेक्समध्ये आपण जी दांडी ढकलून बाहेर पडतो, ती तिथून आली. ही दांडी आमच्या हॉलच्या डाव्या दाराला असती तर मला ब्लॅकआऊटही मिळाला असता आणि मामांना किल्लीही लागली नसती.

तुम्ही म्हणाल, हे फार जुनं झालं. मग आपल्याच काळातलं बघा. इजिप्तमधल्या बेनी सुएफ शहरात ५ सप्टेंबर २००५ ला हौशी नाटकांचा महोत्सव चालू होता. छोटा हॉल, गुहेचं नेपथ्य, कागदाने केलेलं, आणि वातावरणनिर्मितीसाठी खऱ्या मेणबत्त्या. एका मेणबत्तीने कागद पेटला. चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यात नट होते, समीक्षक होते, समोर बसलेले साधे प्रेक्षक होते. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कारण कागदाची गुहा आणि खऱ्या मेणबत्त्या हे कॉम्बिनेशन आपल्या कुठल्याही स्पर्धेत, कुठल्याही वर्षी दिसू शकतं. आपण त्याला टाळ्याही वाजवू.

आपल्या देशातलंही सांगते. हरियाणात मंडी डबवालीला २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेचा बक्षीस समारंभ होता. म्हणजे गॅदरिंगच. वर सिंथेटिक कापडाचा मांडव. तो पेटला आणि वितळून थेंबाथेंबाने खालच्या लोकांच्या अंगावर पडायला लागला. चारशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक लहान मुलं आणि त्यांच्या आया. आणि अगदी घरचं उदाहरण म्हणजे कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांच्या काळातली ही वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेली. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आत प्रयोग नव्हता म्हणून जीवितहानी झाली नाही, पण टीव्हीवर ते बघताना माझे बाबा, जे सहसा काही बोलत नाहीत, ते उठून आत निघून गेले. त्यांनी कॉलेजात असताना त्या स्टेजवर काम केलं होतं.

आता थोडी केमिस्ट्री. घाबरू नका, वायव्हा नाही!

कापूस, ताग, कागद, लाकूड हे सगळं मुळात सेल्युलोज. ते तापलं की फुटतं आणि त्यातून जळणाऱ्या वाफा निघतात. ज्योत दिसते ती या वाफांची. म्हणजे आग थांबवायची तर वाफाच होऊ द्यायच्या नाहीत. काही क्षार कापडात मुरलेले असले की ते तापल्यावर सेल्युलोजमधलं पाणी आधीच काढून घेतात आणि मागे कोळसा उरतो. कोळसा सहजासहजी ज्योत धरत नाही. बोरॅक्ससारखे क्षार वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतात, हवा आत जाऊ देत नाहीत. अमोनियाचे क्षार न जळणारा वायू सोडतात. झालं, एवढंच तत्त्व आहे.

आणि हे काही नॅनो-टेक्नॉलॉजीतलं नाही! इंग्लंडमध्ये ओबाडाया वाईल्डने तुरटी, बोरॅक्स वगैरेच्या मिश्रणाचं पेटंट १७३५ साली घेतलं. फ्रान्सच्या राजाने पॅरिसच्या नाट्यगृहांतल्या कापडासाठी हे काम गे-ल्युसॅककडे सोपवलं आणि त्याने १८२१ मध्ये अमोनियम फॉस्फेट, अमोनियम क्लोराईड आणि बोरॅक्सचे प्रयोग मांडले. हो, तोच गे-ल्युसॅक, बारावीत ज्याचा लॉ आपण घोकला. म्हणजे ज्वालारोधक कापडाचं शास्त्र जन्मालाच आलं ते बऱ्याच अंशी नाटकासाठी. आणि नाटकवाल्यांनाच त्याचा पत्ता नाही.

आपल्याकडे मांडवासाठी भारतीय मानक आहे, आय.एस. ८७५८. त्यातला फॉर्म्युला वजनाने असा: अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २, बोरॅक्स १, बोरिक ऍसिड १, तुरटी २ आणि पाणी ३५ भाग. नावं मोठी वाटतात, पण बोरॅक्स म्हणजे टाकणखार, बोरिक ऍसिड म्हणजे कॅरमवर टाकतो ती पावडर, तुरटी घरोघरी असते आणि अमोनियम सल्फेट खताच्या दुकानात पोत्याने मिळतं. कापड यात बुडवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, मग रंगवायचं. ग्लोव्हज घाला, मास्क लावा आणि मोकळ्या हवेत करा, अमोनियाचा वास डोळ्यांत पाणी आणतो. अंगावरच्या कपड्यांना हे वापरू नका. हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे कापड धुतलं किंवा पावसात भिजलं की परत पहिल्यापासून. लोखंडी खिळे-टाचण्याही यामुळे गंजतात.

पण एक मोठा पण आहे. हे फक्त सुती, ताग, कागद अशा शोषणाऱ्या गोष्टींना चालतं. पॉलिस्टर, थर्माकोल, फोम यात क्षार मुरतच नाहीत. पॉलिस्टर वितळून ठिबकतं, डबवालीला तेच झालं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका नाईट क्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ ला स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. तेव्हा सॅटिनचा झुळझुळीत पडदा आणि सोफ्याचा फोम स्टेजवर आणताना दहादा विचार करा. कारखान्यातच ज्वालारोधक केलेलं कापड मिळतं, ते भाड्यानेही आणता येईल.

दुसरी गोष्ट, 'फायरप्रूफ' हा शब्द फसवा आहे. या कापडालाही मोठ्या आगीत कोळसा व्हावंच लागतं. आपण विकत घेतो ती एक-दोन मिनिटं. पण दारं उघडी असतील तर एक-दोन मिनिटांत चारशे माणसं बरीचशी बाहेर पडतात. आणि दारं बंद असतील तर जगातलं कुठलंही केमिकल उपयोगाचं नाही. दोन्ही एकत्र पाहिजे.

हे मी आमच्या दिग्दर्शकाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, कापड कडक होतं, रंग मळतो. प्रेक्षकाला काय, केमिस्ट्री दाखवायची आहे का?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कापड थोडं कडक होतं, कधी पांढरट डागही पडतात. तेव्हा मी त्याला एमा लिव्रीची गोष्ट सांगितली.

एमा पॅरिस ऑपेराची बॅले नर्तिका. तेव्हा स्टेजवर गॅसचे दिवे असायचे आणि नर्तिकांच्या तलम झग्यांना आग लागायची. म्हणून १८५९ मध्ये तिथे हुकूम निघाला की नेपथ्य आणि वेशभूषा ज्वालारोधक केलेलीच पाहिजे. पण त्या प्रक्रियेने झगा कडक आणि मळकट दिसायचा. एमाने तो घालायला नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ ला रिहर्सलमध्ये तिचा झगा दिव्याला लागला. आठ महिने भाजलेल्या अंगाने काढून ती गेली. अपघात झाला तेव्हा तिचं वय होतं वीस. माझं आहे तेवढंच.

दिग्दर्शक काही बोलला नाही. मीही त्याला आणखी ताणलं नाही. कारण एमाला मी मूर्ख म्हणू शकत नाही. स्टेजवर सुंदर दिसावं म्हणून तिने जे केलं, तेच मी ब्लॅकआऊट सुंदर व्हावा म्हणून केलं. फरक एवढाच की तिने स्वतःचा जीव पणाला लावला. मी न विचारता चारशे जणांचा लावला होता.

"अगं, पण हॉलकडे सर्टिफिकेट असतं ना?" हा पुढचा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. असतं. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी' घेऊन द्यायचा असतो की यंत्रणा चालू स्थितीत आहे. पण तो कागद इमारतीचा आहे. जुलैत कागद मिळाला आणि सप्टेंबरात आम्ही टेम्पो भरून गोणपाट, प्लायवूड, कागदाची झाडं आणि सतरा जोड दिलेली वायर आत आणली, तर त्या कागदाला हे कुठे माहीत? इमारत रोज तीच असते. नेपथ्य रोज नवीन येतं आणि ते कोणीच तपासत नाही. आगीच्या दृष्टीने आपण हॉलमध्ये नेलेली सर्वात धोकादायक वस्तू ही आपणच बनवलेली असते. म्हणून ती तपासायची जबाबदारीही आपली. मामांची नाही, मालकाची नाही, प्रिन्सिपल सरांची पण नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. प्रत्येक एकांकिकेच्या टीममध्ये लाईट, म्युझिक, मेकअप यांच्यासारखंच एक नाव 'अग्निरक्षक' म्हणून असावं. त्याला त्या दिवशी दुसरं काहीही काम नसावं. एक्स्टिंग्विशर कुठे आहे, पिन कशी ओढायची, हाऊस लाईट कोण लावणार, हे त्याला पाठ पाहिजे. नेपथ्याच्या बजेटमध्ये ज्वालारोधकाचा खर्च पहिल्या ओळीत यावा, उरलं तर बघू असा नको. हॅलोजन आणि कापड यांत निदान एक मीटर अंतर असावं. (एलईडी आले म्हणून निर्धास्त होऊ नका, जोड दिलेल्या वायरी आणि एकात एक घातलेले एक्स्टेन्शन बोर्ड अजून तेच आहेत.) तिसऱ्या घंटेआधी सगळी दारं उघडून बघावीत आणि उजेड येत असेल तर दाराला काळा पडदा लावावा, कुलूप नाही. पडदाही अर्थात ज्वालारोधक! स्पर्धा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की नियमांच्या पत्रकात वेळेच्या मर्यादेखाली ही एक ओळ छापा. वेळ एक मिनिट जास्त झाली तर आपण गुण कापतो, मग दार बंद ठेवलं तर का कापू नयेत?

काहीजण म्हणतील, एवढे नियम लावले तर मुलं नाटकच करणार नाहीत. मला नाही तसं वाटत. जी मुलं रात्री दोनपर्यंत फ्लॅट रंगवतात, ती कापड बुडवायला अर्धा दिवस देतील. त्यांना फक्त कोणी सांगितलेलं नसतं.

या टर्मला आम्ही नवीन एकांकिका बसवली. मी आणि लाईटवाल्या मुलाने पार्किंगच्या मागे पाण्याची बादली घेऊन गोणपाटाच्या दोन पट्ट्या पेटवून बघितल्या. पद्धत साधी आहे. पट्टी चिमट्यात उभी धरायची, खालच्या टोकाला बारा सेकंद ज्योत लावायची आणि ज्योत काढली की दोनेक सेकंदांत ती विझली पाहिजे, जळते थेंब पडता कामा नयेत. साधी पट्टी बारा सेकंद थांबलीच नाही, बोटांपर्यंत आली आणि मी ती बादलीत टाकली. बुडवलेली पट्टी काळी झाली, थोडा धूर आला आणि ती विझली. दिग्दर्शक लांब उभा राहून बघत होता. जवळ आला, काळं टोक हातात चुरून बघितलं आणि म्हणाला, "रंग आधी लावायचा की नंतर?"

सगळ्या केमिकलचा खर्च आमच्या महिन्याच्या चहाच्या उधारीपेक्षा कमी झाला. मामांना मी जाऊन सांगितलं की आता दारं उघडी ठेवायची, उजेड आला तरी चालेल. मामा म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो ना पोरी." म्हणाले होते. मी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या नेपथ्याच्या कापडाचा एक तुकडा घेऊन कधीही या. काडेपेटी माझ्याकडे आहे, बादलीपण आहे.